लॉटरी लागली म्हणजे पोरगं शाळेत आलं का?

रेवा_ऑस्टिन: कालच्या धाग्यावर 'टेक्सन' लिहितात, "चार्टर शाळांपुढे वेटिंग लिस्टच्या रांगा आहेत. शाळा सोडून जाणारे पालक हौशी, शिस्त झेपत नाही म्हणून पळतात. त्यांच्या मागे का धावायचं?" वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. (चार्टर म्हणजे अमेरिकेतली सरकारी पैशावर, पण स्वतंत्र संस्थेने चालवलेली मोफत शाळा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत, तीच लॉटरी.)

मी एका चार्टरच्या ऑफिसात दोन वर्षं अर्धवेळ काम केलंय. लॉटरी फेब्रुवारीत, शाळा ऑगस्टमध्ये. मधल्या काळात आम्ही पालकांना काय पाठवायचो? एक ईमेल, तोही इंग्रजीत, सोबत पाच पीडीएफ. एक बाई बहिणीकडे राहायची, त्यामुळे पत्त्याचा पुरावा तिच्या नावावर नव्हता. सुपरमार्केटमधली शिफ्ट संपवून तीनदा आली. तिसऱ्यांदा चार वाजून पाच मिनिटं झाली होती आणि आमची खिडकी चारला बंद. मुलाचं नाव लागलेलं, पण पोर काही आलं नाही. ही हौस का?

टेक्सन: शाळा आहे, हॉटेल नाही. माझी मुलगी सहावीत लॉटरीने लागली. बस नाही. रोज 35 मिनिटं जायला, 35 यायला, तीन वर्षं मी गाडी चालवतोय. कागद एका रात्रीत भरले. ज्याला गरज आहे तो करतो.

रेवा_ऑस्टिन: तुमच्याकडे गाडी आहे आणि दुपारी तीनला उठून जाऊ देणारा मॅनेजरही आहे, काका.

जर्सीकर: रांगांचं कौतुक नको. एकच मूल चार शाळांच्या यादीत असतं, चौघंही "आमच्याकडे केवढी मागणी" म्हणून मिरवतात. न्यू ऑर्लिन्स आणि डेन्व्हरने 2012 च्या सुमारास चार्टर आणि सरकारी मिळून बहुतेक शाळांना एकच अर्ज केला. एक मूल, एक जागा. यादी खरी होते.

टेक्सन: आणि न्यूअर्क? 2014 ला तिथे हेच केलं, तेव्हा सख्खी भावंडं शहराच्या दोन टोकांना गेली म्हणून पालक रस्त्यावर उतरले होते. ते सोयीस्कर विसरलात.

जर्सीकर: विसरलो नाही. तो घोळच होता, मान्य. म्हणून अर्ज चार ठेवायचे?

मास्तर_परभणी: अमेरिकेतही पटाची मारामार आहे हे वाचून जिवाला गार वाटलं. आम्ही झेडपीचे मास्तर मे महिन्यात डोक्याला रुमाल बांधून दारोदार पहिलीची पोरं शोधतो. "सर, गणवेश देता, पुस्तकं देता, खिचडी देता, पण गाडी दारात येते का?" इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वस्तीवर येते, तिथेच आमचा खेळ खलास.

मिशिगनची_माई: इथे ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी डोकी मोजतात, त्यावर पैसे. लेकाच्या शाळेत त्या दिवशी पिझ्झा असतो!

मास्तर_परभणी: आमच्याकडे 2011 च्या ऑक्टोबरात पटपडताळणीला, एकच पोर दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून, पोरांच्या बोटाला शाई लावली होती. पिझ्झा परवडला.

ठोंब्या: मास्तर, एक विचारू? तुमची स्वतःची मुलं कुठे शिकली?

मास्तर_परभणी: हा प्रश्न येणारच होता.

ठोंब्या: मग उत्तरही येऊ द्या. आमच्या गावातल्या चारपैकी चार गुरुजींची पोरं इंग्रजी माध्यमात. स्वयंपाकीच आपल्या हातचं खात नाही, गिऱ्हाईक का बसेल?

मास्तर_परभणी: थोरला माझ्याच वर्गात शिकला. धाकटीच्या वेळी बायकोपुढे हरलो. झालं समाधान? जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचे तांदूळ मोजणं यातून वेळ उरला की शिकवतो मी. तुम्ही एक आठवडा येऊन करा.

रोहिणी_पुणे: भांडू नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या 25 टक्क्यांतही रेवाताई म्हणतात तेच होतं. सोडतीत नाव लागतं, मेसेज येतो, मुदतीत कागद पडताळले नाहीत की जागा गेली. आमच्या कामवाल्या मावशींचा मोबाइल नंबर बदललेला, मेसेज कुणाला गेला देव जाणे. त्यात 2024 ला सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या कितीतरी खासगी शाळांना यातून मोकळंच केलं होतं. हायकोर्टाने रद्द केलं म्हणून बरं.

टेक्सन: चार्टरचा धागा परभणीमार्गे पुण्याला पोचला. अभिनंदन.

रेवा_ऑस्टिन: मग परत आणते. टेक्सासात पैसे सरासरी हजेरीवर मिळतात. मूल ऑक्टोबरात गेलं तर शाळेचंच नुकसान. मी सुचवलं होतं, कागद मोबाइलवर फोटो काढून घ्या, एक खिडकी संध्याकाळी सातपर्यंत ठेवा, पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्येक नव्या घरी एक फोन करा, स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाकडून. उत्तर मिळालं, "बजेट नाही." रस्त्यावरच्या मोठ्या बॅनरला मात्र होतं.

टेक्सन: बरं बाई, फोन करायला हवा होता. खिडकीही पाच मिनिटं उघडी ठेवली असती तर आभाळ कोसळलं नसतं. पण बसचं काय? ते कुणीच बोलत नाही. सत्तर मिनिटं, रोज!

जर्सीकर: म्हणजे झेपत नाही तर! हौशी पालक.

मास्तर_परभणी: रेवाताई, त्या बाईचं पोर शेवटी कुठे गेलं?

रेवा_ऑस्टिन: माहीत नाही, मास्तर. फाइलवर 'आला नाही' असा शेरा मीच मारला.