फ्युएल लाइन आणि फिटिंग : ‘जोडण्या बदला’ म्हणजे नक्की काय बदलायचं?

जुनी_गाडी
कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या एका गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेचं मराठी करतोय. टाकी, पंप, कार्ब्युरेटर या प्रकरणात सारखं येणारं वाक्य मी असं केलं : ‘सर्व इंधनवाहिन्या व जोडण्या बदला.’ मसुदा भाच्याला वाचायला दिला. तो गाड्या उघडतो, मराठीही चांगलं आहे त्याचं. म्हणाला, “मामा, जोडण्या बदला म्हणजे? पंपात येणारी नळी बाहेर जाणाऱ्या तोंडाला लावू?” आणि वायरची जोडणी बदलली म्हटलं की आपणही इकडची वायर तिकडे लावली असंच समजतो ना! मला अभिप्रेत आहेत ते सुटे भाग, इंग्रजीत फिटिंग : नट, युनियन, टी, बँजो, क्लिपा. या सगळ्यांना मिळून एक शब्द हवा आहे. आणि लाइनला ‘वाहिनी’ ठेवावं का?

पाणिनीचा_शेजारी
वाहिनी नको. जलवाहिनी, रक्तवाहिनी रुळल्या आहेत हे खरं, पण इंधनवाहिनी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे टँकर येतो. शिवाय टंकताना एक काना सुटला की इंधनवहिनी. सरळ नळी म्हणा. संस्कृतात नड म्हणजे पोकळ बोरूसारखं गवत. नल, नळ, नळी, नाळ हे सगळं त्याच गोतावळ्यातलं. नडगीही त्यातलीच असावी असा माझा जुना संशय आहे.

तेलकट_हात
कुठली नळी? टाकीपासून चेसिसच्या कडेने पुढे जातो तो धातूचा पाइप. इंजिन त्याच्या माउंटिंगवर हलत असतं, म्हणून तिथे मध्ये रबरी होजचा तुकडा. दोघांनाही नळी म्हणाल तर वाचणारा रबर बदलेल आणि आतून गंजलेला पाइप तसाच ठेवेल. आमच्यात पाइप म्हणजे धातूचा, होज म्हणजे रबरी. विषय संपला.

शुद्धमती
विषय कसा संपला? ‘धातूची नळी’ आणि ‘रबरी नळी’ असं लिहिलं की झालं. दोन मराठी शब्द हाताशी असताना होज कशाला आणायचा?

खवट
आणि तेलकटराव, बागेला पाणी घालतात त्या रबरी वस्तूला सगळा महाराष्ट्र ‘पाइप’ म्हणतो. उलट बंदुकीची नळी पोलादी. तुमचा नियम दोन्हीकडून गळतोय.

तेलकट_हात
बागेच्या पाइपाला आग लागत नाही, खवटभाऊ. इथे लागते, म्हणून इथे शब्द काटेकोर हवा. जुन्या गाडीचा होज वरून छान दिसतो. कापून बघा : आतला थर लिबलिबीत झालेला असतो, नखाने खरवडला तर काळे कण सुटतात. तेच कण कार्ब्युरेटरच्या नीडल व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पेट्रोल येणं थांबवणाऱ्या झडपेत, अडकतात, मग पेट्रोल वरून वाहायला लागतं आणि माणूस कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुन्या जातीचं रबर आणखी लवकर जातं. म्हणून होज विकत घेताना त्यावर काय छापलंय ते वाचायचं. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३० मालिकेत आर६ आणि आर७ हे कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी, आर९ हा फ्युएल इंजेक्शनच्या जास्त दाबासाठी. आर९ जुन्या गाडीलाही घालता येतो, इथेनॉललाही तो जास्त टिकतो. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्याला मात्र आर१०च लागतो. बाकीच्यांचं बाहेरचं आवरण बुडून राहण्यासाठी केलेलं नसतं. आता यात ‘रबरी नळी’ लिहिलंत काय आणि होज लिहिलंत काय, आकडा लिहा म्हणजे झालं.

पाणिनीचा_शेजारी
पाइपवरून आठवलं. आपलं पाणी भरायचं पिंप पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलं. पिपा म्हणजे मोठं लाकडी पीप. इंग्रजी पाइपचं मूळही तेच लॅटिन, आणि इंग्रजीतही दारूच्या एका मोठ्या पिंपाला पाइप म्हणत. म्हणजे ज्यात पेट्रोल साठतं ते पिंप आणि ज्यातून वाहतं तो पाइप सख्खे नसले तरी चुलत आहेतच. शुद्धमतीताई, पिंप चालतं तर पाइप का नको?

शुद्धमती
कारण पिंपाने मराठीचे अनुस्वार अंगावर चढवले. पाइप अजून पाहुणाच आहे. राज्यव्यवहारकोश करणाऱ्यांनी ‘चालतंय की’ म्हटलं असतं तर आज काय बोलत असतो आपण?

खवट
जे बोलतोय तेच. फारसी कारखाना अजून चालू आहे, कागदही संपलेला नाही.

जुनी_गाडी
मंडळी, फिटिंगचं काय? ‘सांधे’ सुचलं होतं. ‘सर्व सांधे बदला.’

खवट
गाडीला आधी भूल द्या.

अर्धवट_शाकाहारी
मूळ प्रश्नाला धरून सांगते. अशाच एका पुस्तिकेच्या भाषांतराचं मुद्रितशोधन माझ्याकडे आलं होतं. त्यात वाक्य होतं, ‘नट सोडवताना जुने जैतून फेकून द्या.’ मला वाटलं, कोणाचा डबा सांडला. मग चित्र पाहिलं. मूळ इंग्रजी शब्द ऑलिव्ह, म्हणजे पाइपावर चढवायची पितळेची छोटी कडी, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. नट आवळला की ती पाइपाला चिमटा घेते आणि तिथेच रुतून बसते. फेकायची असते हे बरोबर, एकदा रुतली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. मी ‘पितळी कडी’ केलं. लेखकाने परत ‘ऑलिव्ह’ केलं, कारण दुकानात कडी मागितली तर दाराची देतील म्हणे.

तेलकट_हात
लेखक शहाणा. तसंच बँजोचं. पोकळ बोल्ट, कुशीला भोक, त्याच्याभोवती वाटोळ्या डोक्याचा पाइप. त्या वाटोळ्या डोक्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचा एकेक वायसर. जुना वायसर लाल होईपर्यंत तापवला की तांबं पुन्हा मऊ पडतं आणि चालून जातं, पण नवा घातलेला बरा. बँजोला ‘एकतारी’ करू नका, हात जोडतो.

शुद्धमती
‘वायसर’ तरी निदान वॉशर लिहा.

पाणिनीचा_शेजारी
अहो ताई, आत्ताच पिंपाच्या अनुस्वाराचं कौतुक करत होतात! वॉशरचा वायसर झाला म्हणजे मराठीने तो पचवला. तुमच्याच कसोटीवर तो पाहुणा उरत नाही. पान्याचंही तेच. माझ्या मते ‘स्पॅनर’चं तोंड झिजून पाना झाला.

खवट
पानासारखा चपटा म्हणून पाना. उगाच विलायतेला कशाला जायचं.

पाणिनीचा_शेजारी
पुरावा द्या.

खवट
तुम्ही द्या आधी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघू नका. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, बेंझच्या मोटारीचं पेटंट १८८६चं.

पाणिनीचा_शेजारी
नट-बोल्ट मोटारीबरोबर जन्माला आले काय? व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने स्क्रूच्या आट्यांचं मोजमाप १८४१ सालीच ठरवून टाकलं होतं.

तेलकट_हात
आटे निघालेच आहेत तर हेही त्या पुस्तिकेत घाला : इंची आणि मेट्रिक मिसळू नका. पाच-सोळांश इंचाचा पाइप ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे आठच्या इतका जवळ की हाताला कळत नाही. नट मात्र दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग अडतो, आणि माणूस जोर लावून आटे घालवतो. फ्लेअरचंही तसंच. पाइपाचं तोंड फुलवतात त्याचा कोन कुठे ४५ अंश, कुठे ३७. दिसायला सारखे, पण एकमेकांवर बसवले की पाझरतात. आणि साधा तांब्याचा पाइप टाकू नका. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस नटाच्या मागे तडकतं. तांबे-निकेलचा टाका, हाताने वाकतो आणि गंजत नाही.

जुनी_गाडी
हे सगळं टिपून घेतलं. ‘फ्लेअर’ला ‘फुलवलेलं तोंड’ करतो, आवडलं. पण फिटिंग? ‘फिटिंग’च ठेवलं तर ‘फिटिंग तपासा’ म्हणजे नीट बसलंय का ते बघा असं वाचतील. कपड्याचं फिटिंग, घरातलं लाइटचं फिटिंग... आपण हा शब्द कामालाच जास्त वापरतो, वस्तूला कमी.

अर्धवट_शाकाहारी
‘जोडसामान’?

शुद्धमती
छान आहे! दागिन्यांत जोडवी असतात, तसं.

तेलकट_हात
जोडसामान म्हणून काउंटरवर काहीच मिळणार नाही. एकत्र शब्द हवाच कशाला? काय काय बदलायचं त्याची नावं लिहा : पाइप, होज, नट, ऑलिव्ह, वायसर, क्लिपा. क्लिपा मात्र सपाट पट्टीच्या सांगा. खाचा असलेली ज्युबिली क्लिप बारीक होजवर जास्त आवळली की खाचेत रबर घुसतं आणि कापलं जातं.

पाणिनीचा_शेजारी
ज्युबिली हे मुळात व्यापारी नाव बरं का. लमली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदलातल्या कमांडरने १९२१ साली पेटंट घेतलं, आणि नाव सगळ्या जातीला चिकटलं.

शुद्धमती
नाव राहू द्या, अनेकवचन तरी सुधारा. ‘क्लिपा’ की ‘क्लिपी’? वीट-विटा आणि भिंत-भिंती दोन्ही आहेत, पण परक्या शब्दांना ईकारच लागतो : पेन्सिल-पेन्सिली, फाइल-फायली.

अर्धवट_शाकाहारी
केसांच्या क्लिपी? कधी ऐकलं नाही हो. क्लिपाच.

खवट
आणि होज तो की ते? वर तेलकटरावांनी ‘जुन्या गाडीचा होज’ लिहिलंय. मी आजवर ‘ते होज’ म्हणत आलो.

तेलकट_हात
तो पाइप, म्हणून तो होज.

शुद्धमती
मग ती नळी, म्हणून ती होज का नाही?