एप्सम डर्बीचे 'ट्रेंड' महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीला चालतात का?

रंकाळावेस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या शर्यतवाल्यांच्या गटात सध्या एक तक्ता फिरतोय. इंग्लंडातल्या एप्सम डर्बीच्या निकालांवरून त्यात चार नियम काढलेत: फेव्हरिटवर (सर्वांत कमी भावाच्या घोड्यावर) लावा, 1 नंबरचं गेट (सुटण्याची आतली जागा) टाळा, घोडीवर पैसे लावू नका, आणि मागच्या शर्यतीत आपटलेला घोडा सोडून द्या. खाली लिहिलंय, हेच नियम फेब्रुवारीत मुंबईत महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीला वापरा. एप्समपुरते तरी हे नियम टिकतात का? आणि मुंबईला लावायला काही आधार आहे का? मोघम नको, आकडे द्या.

शाहूपुरी_2400

फेव्हरिटचा हिशेब मांडूनच बघा. 2012 ते 2025 या 14 शर्यतींत फेव्हरिट पाच वेळा जिंकला: 2012 कॅमलॉट (भाव 8/13, म्हणजे 13 लावले तर 8 नफा), 2014 ऑस्ट्रेलिया (11/8), 2015 गोल्डन हॉर्न (13/8), 2022 डेझर्ट क्राउन (5/2), 2024 सिटी ऑफ ट्रॉय (3/1). दरवर्षी फेव्हरिटवर 100 रुपये धरले, तर या पाचांचा नफा 61.54 + 137.50 + 162.50 + 250 + 300, म्हणजे 911.54. उरलेल्या नऊ वर्षांचे 900 गेले. चौदा वर्षांत हातात राहिले साडेअकरा रुपये.

आता गंमत बघा. हाच तक्ता 2015 ला थांबवला तर चार वर्षांत 261 रुपये नफा दिसतो. 2016 पासून सुरू केला तर दहा वर्षांत 250 रुपये तोटा. नियम तोच, फक्त कात्री कुठे चालवली त्यावर उत्तर बदलतं. वर्षाला एकच शर्यत होते, त्यामुळे दहा-पंधरा निकालांवरून नियम बांधणं म्हणजे दोन पावसाळे बघून पंचगंगेची पूररेषा आखण्यासारखं आहे.

आणि पडलेले फेव्हरिट काही किरकोळ नव्हते. 2013 ला डॉन अप्रोच 5/4 ला होता, शेवटचा आला. 2018 ला सॅक्सन वॉरियर 4/5 असून चौथा. 2021 ला बोल्शॉय बॅले 11/8 ला होता, सातवा. दुसऱ्या टोकाला 2017 चा विंग्ज ऑफ ईगल्स 40/1 ला जिंकला, 2020 चा सर्पेंटाइन 25/1 ला. म्हणून 'फेव्हरिट घ्या' हा नियम नाही आणि 'फेव्हरिट टाळा' हाही नाही.

खासबाग_तालीम

शाहूपुरींच्या हिशेबात एक भर घालतो. ट्रेंडमागे कारण सापडलं तरच तो ट्रेंड धरायचा. आणि ते कारण त्या मैदानातलं असेल तर तो त्या मैदानापुरताच धरायचा. मातीवर दहा कुस्त्या मारलेला पैलवान मॅटवर उभा केला की जुना हिशेब पुन्हा मांडावा लागतो, तसंच हे आहे.

एप्समचा ट्रॅक घोड्याच्या नालासारखा, डाव्या हाताचा. अंतर दीड मैलाहून 6 यार्ड जास्त, म्हणजे साधारण 2420 मीटर. सुरुवातीलाच सुमारे 40 मीटरचा चढ. माथ्यावरून टॅटनहॅम कॉर्नरकडे उतार, तोही वळणावर. शेवटचा सरळ पट्टा आतल्या रेलिंगकडे कललेला, आणि अगदी शेवटी परत थोडा चढ. घोडा दमला की त्या कलावरून आत घसरतो, जॉकीला हात मारायचं सोडून घोडा सरळ ठेवत बसावं लागतं. उतारावर तोल न सांभाळणारा घोडा दमाचा कितीही पक्का असला तरी तिथे संपतो. महालक्ष्मी सपाट आहे आणि उजव्या हाताची आहे. यातला एकही सापळा तिथे नाही.

गेट नंबर 1: एप्समला सुटल्यावर आधी थोडं उजवं वळण येतं, मग डावं. घोळका आधी उजवीकडे सरकतो आणि परत डाव्या रेलिंगकडे येतो, तेव्हा आतला 1 नंबरवाला कोंडला जातो. म्हणजे कारण खरं आहे. पण 2021 ला अदायार आणि 2024 ला सिटी ऑफ ट्रॉय, दोघेही 1 नंबरवरूनच जिंकले. सुटल्या सुटल्या जागा धरणारा घोडा किंवा रेलिंगला धीर धरून बसणारा जॉकी असेल तर कोंडी फुटते. त्यामुळे हा नियम घोड्याच्या सुटण्याच्या सवयीसोबत वाचायचा, एकटा नाही. शिवाय डर्बीला स्टॉल, म्हणजे सुटायचे गेट, आले 1967 पासून. त्याआधीचे गेटचे आकडे कुणी या हिशेबात मिसळले असतील तर ते काढून टाका. मुंबईच्या ट्रॅकला ती दुहेरी वळणाची भानगडच नाही, म्हणून हा नियम एप्समलाच सोडा.

घोड्या: एप्सम डर्बी आजवर सहा वेळा घोडीने जिंकली: एलिनॉर 1801, ब्लिंक बॉनी 1857, शॉटओव्हर 1882, सिग्नोरिनेटा 1908, टॅगली 1912, फिफिनेला 1916. पण 1916 ची शर्यत महायुद्धामुळे न्यूमार्केटला झाली होती. म्हणजे खुद्द एप्समवर जिंकलेली शेवटची घोडी टॅगली. हे बघून 'घोड्या कमजोर' म्हणणं साफ चूक आहे. फक्त माद्यांसाठीची ओक्स तिथे डर्बीच्या आदल्याच दिवशी, त्याच अंतरावर असते. दोन्ही पळवणं शक्य नसतं, म्हणून चांगली घोडी ओक्सला जाते आणि डर्बीत नावच नसतं. जी पळतच नाही ती जिंकणार कशी?

आपल्याकडे इंडियन ओक्स आणि डर्बी यांच्यात काही दिवसांचं अंतर असतं, दोन्ही 2400 मीटर, आणि घोडीला वजनात दीड किलोची सूट. 1943 ची पहिलीच डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली. एडगर ब्रिट जॉकी, मालकी बडोद्याच्या राजघराण्याची. 2010 ला जॅकलिनने जिंकली. तक्त्यातला घोडीचा नियम मुंबईत वापरलात तर चांगल्या घोडीला नुसतं मादी म्हणून बाद कराल.

रंकाळावेस

गेट आणि घोडी पटलं. चौथा नियम राहिला, 'मागची शर्यत हरलेला सोडा'. तो तरी वरवर शहाणपणाचा वाटतो.

शाहूपुरी_2400

तोच सगळ्यात जास्त फसवतो. ऑगस्ट रोदां 2023 च्या 2000 गिनीत बारावा आला, पुढच्याच शर्यतीत 9/2 ला डर्बी जिंकला. सिटी ऑफ ट्रॉय 2024 च्या गिनीत नववा, आणि पुढे डर्बी. गिनी ही न्यूमार्केटच्या सरळ ट्रॅकवरची एक मैलाची शर्यत. डर्बी त्याच्या दीडपट लांब, वळणाची आणि चढ-उताराची. आधी कितवा आला यापेक्षा कुठे, किती अंतरावर आणि कसा हरला ते बघा. सुरुवातीला बावचळून हरला, शेवटी वेग कमी पडला की दम संपला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दम संपलेल्याला लांब शर्यतीत सोडायचं. वेग कमी पडलेल्याला नाही.

एप्समला तयारीच्या शर्यतींचा धागा मात्र धरण्यासारखा आहे. गोल्डन हॉर्न आणि डेझर्ट क्राउन यॉर्कची डांटे जिंकून आले होते. रूलर ऑफ द वर्ल्ड आणि 2025 चा लॅम्बर्न चेस्टर व्हास जिंकून, तर विंग्ज ऑफ ईगल्स त्यात दुसरा येऊन. अँथनी व्हॅन डाइक लिंगफिल्डची ट्रायल जिंकून, अदायार तिथे दुसरा येऊन. चेस्टर आणि लिंगफिल्ड डाव्या हाताचे आणि वळणाचे ट्रॅक आहेत, म्हणून तिथली धाव एप्समबद्दल काही सांगते. अपवाद सर्पेंटाइन: आठवडाभर आधी आयर्लंडच्या करॅकला पहिल्यांदाच शर्यत जिंकला आणि डर्बीत पुढे निघून गेला. बाकीच्या जॉकींनी त्याला मोकळं सोडलं, तो सापडलाच नाही.

मुंबईत हाच धागा वेगळा लागतो. 2000 गिनी डिसेंबरात 1600 मीटरची, तेव्हा घोडा तीन वर्षांचा. 1 जानेवारीला त्याचं वय चार धरलं जातं आणि फेब्रुवारीत डर्बी 2400 ची. इंग्लंडात डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची, जूनमध्ये. आपल्याकडचा घोडा डर्बीला जास्त पिकलेला असतो, त्याच्या नावावर शर्यतीही जास्त असतात. वाचायला साहित्य जास्त, म्हणून आंधळ्या नियमाची गरज आणखी कमी.

लक्ष्मीपुरी_हिशेबनीस

भावांची बाजू राहिली. कुठल्याही भावामागची टक्केवारी अशी काढायची: खालचा आकडा भागिले दोन्हींची बेरीज. 3/1 म्हणजे 1 भागिले 4, 25 टक्के. 13/2 म्हणजे 2 भागिले 15, 13.3 टक्के. 8/13 म्हणजे 13 भागिले 21, जवळपास 62 टक्के. सगळ्या घोड्यांची बेरीज कधीच 100 नसते. समजा सहा घोडे आहेत: 6/4, 3/1, 4/1, 6/1, 9/1, 14/1. बेरीज 40 + 25 + 20 + 14.3 + 10 + 6.7 = 116. वरचे 16 बुकीचे.

यावर आपल्याकडचा जीएसटी घाला. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे, आणि नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. 100 च्या पैजेला खिशातून 140 जातात असं धरा. 3/1 ला जिंकलात तर परत 400. म्हणजे ना नफा ना तोटा व्हायलाच 140 भागिले 400, 35 टक्के शक्यता हवी. कराशिवाय 25 पुरत होती. 13/2 ला 13.3 च्या जागी 18.7 टक्के. 8/13 सारख्या भावाला तर 86 टक्क्यांच्या वर. वरच्या चौदा फेव्हरिटांवर हाच कर लावला असता तर साडेअकरा रुपयांच्या नफ्यासमोर 560 रुपये कर उभा राहिला असता. एका व्यवहारात जिंकलेली रक्कम 10,000 च्या वर गेली की 30 टक्के टीडीएस, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा मिळत नाही.

पैज फक्त क्लबच्या टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात ती खिडकी) किंवा परवान्याच्या बुकीकडे. परदेशी साइटवरून एप्समला लावायच्या भानगडीत पडू नका. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर 2025 चा केंद्राचा कायदा आहे, आणि त्यासाठी बाहेर पैसे पाठवताना परकीय चलनाचे नियमही आड येतात.

खासबाग_तालीम

@रंकाळावेस, तक्ता ठेवणारच असाल तर त्यात दोन रकाने वाढवा: शर्यत कुठल्या ट्रॅकवर झाली, आणि निकाल धावण्यावर लागला की कागदावर. 1844 ला रनिंग रेन पहिला आला, पण तो मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा निघाला आणि डर्बी ऑर्लँडोला दिली. 1913 ला 6/4 चा फेव्हरिट क्रॅगनूर पहिला आला, त्याला बाद करून 100/1 च्या अबॉययरला विजेता ठरवलं. तुमच्या तक्त्यात ते वर्ष 'फेव्हरिट हरला' म्हणून मोजलं असेल, तर तेवढं आधी तपासा.