इतिहास-राज्यशास्त्राचा तास तुम्ही कसा आखता? सीमाभागातले अनुभव

टाचण वही पुढे ओढली की उद्दिष्टं, कृती, मूल्यमापन हे रकाने आपण सवयीने भरतो. पण कर्नाटकातल्या समाज विज्ञानाच्या एकाच पुस्तकात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन. दहावीला लेखी 80 आणि अंतर्गत 20 गुण. आणि समोर बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मुलं. तिथे वहीतलं टाचण कितपत टिकतं? आठवी ते दहावीचा एखादा धडा तुम्ही कसा बसवलात, काय फसलं, पुढच्या वर्षी काय बदललंत, ते लिहा. माजी विद्यार्थी आणि पालकांनीही लिहावं. सुरुवात मी करते.

बेळगाव शहर, शिक्षिका

राज्य पुनर्रचनेचा धडा पहिल्या वर्षी मी एका तासात उरकला. आयोगाचे तीन सदस्य फाजल अली, कुंझरू, पणिक्कर, 1956 चा कायदा, फळ्यावर चार ओळी. तास संपता संपता एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी आत्या चंदगडची. आजी सांगते, चंदगड आधी आपल्याच जिल्ह्यात होतं. मग ते तिकडं कसं गेलं?" मला उत्तर आलं नाही. घरी येऊन मूळ कायदा शोधला. नव्या म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) कोणता मुलूख जाणार ते सांगणाऱ्या कलमात स्पष्ट आहे: बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून. त्या तीन शब्दांनी माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे पाहुणे दुसऱ्या राज्यात गेले.

आता धडा त्या ओळीपासूनच सुरू होतो. आदल्या दिवशी गृहपाठ एकच: चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे आपलं कोण कोण आहे ते घरी विचारून या. मग नकाशा, मग 1 नोव्हेंबर 1956.

पुढचा भाग अवघड. एकदा दोन मुलांची सीमाप्रश्नावरून हमरीतुमरी झाली आणि मी "हा विषय नको" म्हणून पुस्तक मिटलं. चूक माझी होती. भांडण वर्गातून मैदानावर गेलं, एवढंच. पुढच्या वर्षी फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला महाराष्ट्राचं म्हणणं: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. दुसऱ्या बाजूला कर्नाटकाचं: 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल अंतिम, आणि राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार कलम 3 नुसार संसदेचा. प्रत्येकाने आपल्याला न पटणारी बाजू नीट मांडून दाखवायची, हा नियम. शेवटी 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. तो कलम 131 खाली आहे, आणि राज्याराज्यांतले वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जातात हे राज्यशास्त्रात शिकवायचं असतंच. म्हणून मी हे दोन घटक लागोपाठ घेते, पुस्तकातला क्रम मोडून. मुलांचा आवाज अजूनही चढतो, पण चढलेल्या आवाजात आता कलमांचे आकडे असतात, याचं मला फार समाधान आहे.

खानापूर तालुका, नववी-दहावीची शिक्षिका

आमची बरीच मुलं नंदगडवरून ये-जा करतात. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली ते गाव. 26 जानेवारी 1831. "26 जानेवारी" म्हटलं की मुलं प्रजासत्ताक दिन लिहितात, त्यामुळे साल कधीच सुटू देत नाही.

माझी अडचण वेगळी होती. दत्तक वारसा नामंजूर म्हणजे गव्हर्नर जनरल डलहौसी आणि 1848, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग कित्तूरच्या धड्यात राणी चन्नम्माचा दत्तक मुलगा इंग्रजांनी 1824 मध्येच कसा नाकारला, हे त्यांना कळेना. एका मुलाने तर "बाई, पुस्तकात साल चुकलंय" म्हणून खोडून दुरुस्त केलं होतं! तेव्हापासून वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधते. धुणं वाळत घालायच्या चिमट्यांनी कागद लावायचे: 1824 कित्तूर, 23 ऑक्टोबरला लढाईत इंग्रज अधिकारी थॅकरे पडला; 1829 बैलहोंगलच्या कैदेत राणीचा मृत्यू; 1831 नंदगड; 1848 डलहौसी आला; 1857. चिमटा लावणारं मूल आधी काय घडलं आणि त्यातून पुढे काय झालं हे एका वाक्यात सांगतं. धोरणाला नाव मिळायच्या 24 वर्षं आधीच कित्तूरने ते सोसलं होतं, हे मुलांना दोरीवर दिसतं. तीन तास जातात. जाऊ देत. बाकीच्या राजवटी मी भरभर घेते, पण हे नाही.

निवृत्त शिक्षक, चिकोडी

बाई, दोरी झकास! माझा अनुभव शब्दांचा. प्रशिक्षण कन्नडमधून, परिपत्रकं कन्नडमधून, शिकवायचं मराठीतून. कन्नडमध्ये कायदेमंडळाला शासकांग, कार्यकारी मंडळाला कार्यांग. मी प्रशिक्षणातून परत आलो आणि घाईत वर्गात 'शासकांग' म्हणून गेलो. मुलांनी ते 'शासन' धरलं आणि चाचणीत निम्म्या वर्गाने कायदे करणारं मंडळ आणि ते राबवणारं मंडळ यांची अदलाबदल केली. त्या पोरांचे गुण मी कापले नाहीत, कापायचे तर माझे कापायला हवे होते. पुढे प्रत्येक घटकाच्या टाचणाला शेवटचं पान जोडू लागलो, मराठी शब्द आणि समोर कन्नड शब्द. लोकशाही, प्रजाप्रभुत्व. दहावीनंतर आमची बरीच मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जातात, तेव्हा हेच पान उपयोगी पडतं असं ती येऊन सांगतात.

माजी विद्यार्थी, बेळगाव तालुका

सरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धड्याला सांगितलेलं, घरात जुनं काय असेल ते घेऊन या. मी आजोबांचं पलटणीतलं डिस्चार्ज बुक नेलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आमच्या गावापासून हाकेवर, पण आजोबा इटलीत लढलेत हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी नकाशावर इटली दाखवली आणि माझं बोट धरून तिथं टेकवलं. घरी गेल्यावर आज्जी ते पुस्तक परत घडीत ठेवताना रडली.

निपाणी, पालक

आमच्या मुलाच्या बाईंनी चळवळींच्या पाठाला आम्हा तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनाच शाळेत बोलावलं. 1981 चं शरद जोशींचं आंदोलन, हायवेवर बसलेली माणसं, गोळीबार. माझे वडील तिथं होते. मुलांनी विचारलं, "आजोबा, रात्री जेवायला काय होतं?" गावागावातून भाकऱ्या यायच्या, हे त्यांनी सांगितलं, आणि मग पुढचा अर्धा तास ते बोलतच राहिले. घरात आम्हाला कधी एवढं बोलले नव्हते.

बेळगाव शहर, शिक्षिका

बाबांचे ते बोल लिहून ठेवा, पुढच्या बॅचला वाचून दाखवता येतील. कुणी 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाचा धडा टिळकवाडीत जाऊन घेतलाय का? गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन, आणि पाण्यासाठी तेव्हा खोदलेली विहीर अजून आहे. मला डिसेंबरात 38 मुलं न्यायची आहेत, आणि तास फक्त दोन सलग मिळालेत. विहिरीपाशी आधी थांबायचं की वीरसौधात, म्हणजे अधिवेशनाच्या स्मारकात, ते सांगा.