गट प्रकल्पात दोघंच राबतोय, मदत हवी आहे

मंडळी, बेळगावात डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. राकसकोप जलाशयातून शहराला येणाऱ्या पाण्यावर आमच्या पाच जणांचा प्रोजेक्ट आहे. शहापूर-वडगावात घरोघरी फिरून माहिती आम्ही दोघंच गोळा करतोय. दुसरे दोघे ग्रुपवर 'येतो' म्हणतात, येत नाहीत. पाचवी मैत्रीण कन्नड माध्यमातली. आम्ही भराभर मराठीत बोलायला लागलो की ती गप्प होते. तिला कामचुकार म्हणणं मला पटत नाही. बाकी गटात असं होतंच: रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याच्या दोरी ओढण्याच्या प्रयोगात माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर घटला, हे १९१३ सालीच छापून आलंय. इथे गुणही सगळ्यांना सारखेच! सरांकडे जाण्याआधी नावानिशी कामं वाटून लिहून काढावीत का? कुणी केलंय असं? आणि तिला बोलतं कसं करू?