मदत हवी आहे: आरोग्य विम्याचा क्लेम नाकारलाय, विमा लोकपालांकडे जावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याचे. बाबांच्या अँजिओप्लास्टीचा क्लेम विमा कंपनीने नाकारलाय. कारण काय, तर म्हणे रक्तदाब लपवला! पॉलिसी 2016 पासून सलग चालू आहे. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2024 च्या नियमानुसार सलग 60 महिने झाल्यावर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याचं कारण चालत नाही. कंपनीला लेखी तक्रार केली, महिना उलटला, उत्तर नाही.

गोव्यासाठी विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) पुण्यात आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही. पण सुनावणी व्हिडिओवर होते की बाबांना न्यावं लागेल? त्यांना आता प्रवास झेपत नाही. की सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ? हप्ते वेळेवर भरणाऱ्या माणसाला खोटं ठरवलंय, ते त्यांच्या फार जिव्हारी लागलंय. गोव्यातून कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.