मदत हवी आहे: कोनदुभाजकच मध्यगा असेल, तर त्रिकोण समद्विभुज कसा सिद्ध करायचा?

मंडळी, भाची नववीत आहे, महाराष्ट्र बोर्ड, मराठी माध्यम. भूमितीच्या एका उदाहरणात आम्ही दोघंही अडलोय.

पक्ष: ∆अबक मध्ये रेख अड हा ∠अ चा दुभाजक आहे आणि ड हा रेख बक चा मध्यबिंदू आहे.
साध्य: अब = अक.

तिने ∆अबड आणि ∆अकड घेतले. अ पाशी दोन समान कोन, बड = कड, अड सामाईक. तीन जोड्या जुळल्या म्हणून बाकोबा (बाजू-कोन-बाजू ही एकरूपतेची कसोटी) लिहून मोकळी झाली. बाईंनी ते खोडलं आणि ते योग्यच आहे. बाकोबाला दोन बाजूंमधला कोन लागतो, इथला कोन बड च्या समोर आहे.

तिला पटावं म्हणून आकृती काढायला लावली. 30 अंशांचा कोन, एका भुजेवर 8 सेमीवर बिंदू, तिथून कंपासमध्ये 5 सेमी घेऊन कंस. दुसरी भुजा दोनदा छेदली गेली, शिरोबिंदूपासून एकदा 3.9 सेमीच्या आसपास, एकदा 9.9 च्या. मापं तीच, त्रिकोण दोन! मग तिने विचारलं, "तर इथे बाजू सारख्या येतातच कशा?" मला सांगता येईना, पण प्रश्न फार आवडला.

दहावीचं कोनदुभाजकाचं प्रमेय चालणार नाही. नववीच्या कसोट्यांतून कसं करायचं?

प्रतिसाद १
मध्यगा दिली असेल तर ती तेवढीच पुढे वाढवून बघायची, ही सवय लावा तिला. अड = डइ होईल असा बिंदू इ घ्या, इक जोडा. ड पाशी विरुद्ध कोन आहेत, म्हणून ∆अडब ≅ ∆इडक, बाकोबा. म्हणजे अब = इक आणि ∠बअड = ∠कइड. पण ∠बअड = ∠कअड दिलंच आहे. म्हणून ∆अकइ मध्ये अ आणि इ पाशी समान कोन, म्हणजे अक = इक. म्हणून अब = अक.

प्रतिसाद २
ताईंनो, भाचीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच आकृतीत आहे. कंसाने दिलेल्या त्या दोन बिंदूंपाशी त्रिकोणाचे कोन मोजायला सांगा, बेरीज 180 येईल. तसंच इथे ∠ब आणि ∠क एकतर समान, नाहीतर त्यांची बेरीज 180. पण ते दोघे एकाच ∆अबक चे कोन! बेरीज 180 झाली तर ∠अ ला काही उरतच नाही. म्हणून समानच. पेपरात मात्र वरची रचनाच लिहू द्या.