कार्बामाझेपिनचा एमआयपी: पाण्यात एनआयपीसुद्धा तेवढंच औषध का धरतो?

रेणुछाप (प्रश्न)

कार्बामाझेपिन या अपस्मारावरच्या औषधाचा रेणू साचा म्हणून ठेवून त्याच्याभोवती पॉलिमर घडवला आहे (एमआयपी, म्हणजे रेणूची छाप असलेला पॉलिमर; साचा धुऊन काढला की त्याच्या आकाराच्या पोकळ्या उरतात), आणि तुलनेसाठी साच्याशिवायचा, छाप नसलेला एनआयपी. कृती अशी: कार्बामाझेपिन १ मिलिमोल (२३६ मिग्रॅ), साच्याला धरणारा मोनोमर म्हणून मेथाक्रिलिक आम्ल ४ मिलिमोल (०.३४ मिली), साखळ्या एकमेकींना जोडणारं ईजीडीएमए २० मिलिमोल (३.८ मिली), अभिक्रिया सुरू करणारं एआयबीएन ५० मिग्रॅ, बाटलीतून थेट घेतलेला क्लोरोफॉर्म ६ मिली. बंद नळीत ६० अंश सेल्सिअसला २४ तास. नंतर साचा काढायला सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हापुन्हा फिरवून धुणारं उपकरण) मिथेनॉल आणि असेटिक आम्ल ९:१.

चाचणी: २० मिग्रॅ पॉलिमर, ०.३ मिलिमोलर द्रावण २ मिली, पीएच ७ चा बफर, रात्रभर हलवणं, नायलॉनच्या ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळणं, उरलेलं औषध मोजायला २८५ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण. दोन्ही पॉलिमर सुमारे ८० टक्के औषध उचलतात. छाप उमटलीच नाही असं समजायचं का? साचा आणि मेथाक्रिलिक आम्लाचं प्रमाण १:४ वरून १:८ पर्यंत वाढवून फरक पडेल का?

स्तंभवाला

या चाचणीवरून छापेबद्दल काहीच ठरत नाही. कार्बामाझेपिनच्या टोकाला अमाइड (–CONH₂ गट) आहे. मेथाक्रिलिक आम्लाचा ओ–एच त्याच्या कार्बोनिलला (C=O) हायड्रोजन बंधाने धरतो, अमाइडचा एन–एच आम्लाच्या कार्बोनिलला धरतो आणि आठ अणूंचं कडं पूर्ण होतं. एकाच वेळी दोन बंध, ही या जोडीची खरी ताकद. पण पाण्याची तीव्रता ५५ मोलर आणि तुमच्या औषधाची ०.३ मिलिमोलर, म्हणजे एका औषधरेणूमागे जवळपास दोन लाख पाण्याचे रेणू त्याच जागांसाठी उभे. त्यात पीएच ७ ला पॉलिमरवरच्या कार्बोक्सिल गटांपैकी बरेचसे आयनीभूत झालेले असतात. द्यायला प्रोटॉनच नाही, म्हणून कडं तुटतं. उरतं ते औषधाच्या दोन बेंझीन कड्यांचं पॉलिमरच्या तेलकट पृष्ठभागाला चिकटणं, आणि त्यात एनआयपी कुठेच कमी पडत नाही.

आधी हीच चाचणी कोरड्या असेटोनायट्राइलमध्ये किंवा टोल्युइनमध्ये करा. तीव्रताही ०.०२ ते ०.१ मिलिमोलर ठेवा. नेमक्या बसणाऱ्या जागा थोड्याच असतात, जास्त औषध ओतलं की त्या भरून जातात आणि पुढचं सगळं मोजमाप ढोबळ चिकटण्याचं होतं.

नायलॉनचा फिल्टर मात्र लगेच बदला. नायलॉन म्हणजे अमाइडांचीच साखळी, औषध तिथेही अडकू शकतं. पीटीएफई (टेफ्लॉन) वापरा किंवा सेंट्रिफ्यूज करा, आणि पॉलिमर न घातलेली एक नळी याच सगळ्या टप्प्यांतून न्या.

१:८ ला माझा विरोध आहे. साच्याशी न जुळलेली जादा आम्लं जाळ्यात कुठेही विखुरतात आणि एनआयपीसारखीच वागतात.

छाप_आणि_साचा

वरच्या उत्तराशी सहमत, पण कृतीतही एक घोळ आहे. क्लोरोफॉर्म टिकावा म्हणून त्यात बहुधा ०.५ ते १ टक्का इथेनॉल घातलेलं असतं. १ टक्का धरला तर ६ मिलीमध्ये ०.०६ मिली, म्हणजे सुमारे ४७ मिग्रॅ इथेनॉल: १ मिलिमोल. तुमचा साचाही १ मिलिमोलच आहे! प्रत्येक साच्यामागे एक अल्कोहोल, आणि तेही हायड्रोजन बंध देणारं आणि घेणारं. बाटलीवरचं लेबल वाचा. अमायलीनने स्थिर केलेला क्लोरोफॉर्म मिळत असेल तर तोच घ्या. नाहीतर सक्रिय अल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून गाळून त्याच दिवशी वापरा. स्थिरकाशिवायचा क्लोरोफॉर्म साठवू नका, उजेड आणि हवेत त्यात फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

तापमानाचंही बघा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, तेव्हा बंद नळीत ६० अंश धोक्याच्या काठावर आहे. शिवाय साचा आणि मोनोमर जुळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून थंडीत जोड्या जास्त टिकतात. बर्फाच्या पाण्यात नळी ठेवून ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली चालवा, एआयबीएन तिथेही फुटतो. त्याआधी नायट्रोजन ५ ते १० मिनिटं सोडा, पण नळी बर्फातच ठेवून आणि हळू, नाहीतर क्लोरोफॉर्म उडून प्रमाणं बदलतात. ईजीडीएमएमधला अवरोधक (ते बाटलीतच पॉलिमर होऊ नये म्हणून घातलेला) बेसिक अल्युमिनाने काढता येतो. मेथाक्रिलिक आम्ल मात्र त्यातून कधीच नेऊ नका, ते स्तंभातच अडकतं.

सॉक्सलेटनंतर नुसत्या मिथेनॉलने धुतलं का? राहिलेलं असेटिक आम्ल त्याच पोकळ्यांत बसतं आणि औषधाला जागा देत नाही. धुण्यात वास पूर्ण गेला की निर्वातात ५० ते ६० अंशांना वाळवा.

रेणुछाप

असेटिक आम्लानंतर मिथेनॉलने धुतलं नव्हतं, आणि क्लोरोफॉर्मच्या लेबलवर इथेनॉलच आहे. दोन्ही सुधारतो. पण शेवटी सांडपाण्यातूनच औषध वेगळं काढायचं आहे, तिथे पाणी टाळणार कसं?

स्तंभवाला

टाळू नका, टप्पे वेगळे करा. पाण्यातून औषध ढोबळपणे चिकटू द्या, निवड नंतरच्या धुण्यात करा.

छोट्या स्तंभात १०० मिग्रॅ पॉलिमर भरा, कण २५ ते ५० मायक्रॉन. त्याआधी बारीक भुकटी असेटोनमध्ये ढवळून, ठेवून, वरचं गढूळ ओतून काढा, नाहीतर प्रवाह तुंबतो. स्तंभातून आधी ३ मिली मिथेनॉल सोडा, मग पीएच ३ चं पाणी ३ मिली. सांडपाण्याचा नमुनाही पीएच ३ ला आणून मिनिटाला १ मिलीपेक्षा हळू सोडा. कार्बामाझेपिन तिथे आयनीभूत होत नाही, पॉलिमरचे कार्बोक्सिल मात्र प्रोटॉनसकट राहतात.

आता निर्वातात १० ते १५ मिनिटं कोरडं करा. घाई इथेच नडते. पाण्याचा पातळ थर राहिला तर पुढचा डायक्लोरोमिथेन त्यात मिसळत नाही, जागा ओल्याच राहतात आणि एमआयपी-एनआयपीतला फरक दिसत नाही. मग १ मिली डायक्लोरोमिथेन. नुसतं चिकटलेलं औषध यात सुटतं, जोडबंधाने धरलेलं राहतं. एनआयपीमधून औषध याच धुण्यात बाहेर यायला हवं. दोन्ही पॉलिमरमधून येत असेल तर पोकळ्या कमकुवत आहेत, दोन्हींतून येत नसेल तर त्यात १ ते २ टक्के असेटोनायट्राइल मिसळून बघा. शेवटी ५ टक्के असेटिक आम्ल घातलेल्या मिथेनॉलने १ मिली दोनदा घालून औषध सोडवा.

छाप_आणि_साचा

सांडपाण्यात औषध लिटरला मायक्रोग्रॅमच्या घरात असेल, तर साच्याचा पाझर ही मोठी अडचण. कितीही धुतलं तरी जाळ्यात अडकलेलं थोडं कार्बामाझेपिन झिरपतच राहतं आणि तुमच्या आकड्यात मिसळतं. नवी बॅच करताच आहात, तर साचा म्हणून १०,११-डायहायड्रोकार्बामाझेपिन घ्या. अमाइडचं टोक तेच, मधल्या कड्यातला एक दुहेरी बंध तेवढा नाही. जे झिरपेल ते एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं तंत्र) वेगळ्या शिखरात दिसेल. २८५ नॅनोमीटरच्या नुसत्या शोषणावर इथे भागणार नाही.

निवड तपासायला ऑक्सकार्बाझेपिन हे जवळचं औषधही चालवा. त्याला तोच अमाइड आहे, वर एक कीटोन. तोही तितकाच धरला गेला, तर पोकळी अमाइड ओळखते, बाकीचा आकार नाही.